तारीख पडली म्हणून केस पडत नाही

(येडशी येथे झालेल्या महिला बचत गटांच्या मेळाव्यातील भाषण)



आज मला पिक्चरबद्दल बोलायचंय. हसू नका. गेल्या महिन्यात कायद्याच्या प्रशिक्षणाच्या दिवशी आपण भिंतीवर पडदा लावून ‘कोर्ट’ हा मराठी सिनेमा बघितला. काही जणी मध्येच उठून गेल्या, काही शेवटपर्यंत बसल्या, आणि नंतर तासभर वाद झाला. त्या वादात जे निघालं ते आज सगळ्या गटांपुढे ठेवते.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चैतन्य ताम्हाणे यांनी हा सिनेमा केला. तो २०१५ च्या एप्रिलमध्ये थेटरात लागला, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे. गोष्ट मुंबईची. नारायण कांबळे नावाचे म्हातारे लोकशाहीर. ती भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. गटार साफ करणारा एक कामगार मॅनहोलमध्ये मरतो. पोलीस म्हणतात, शाहिरांचं गाणं ऐकून त्यानं जीव दिला, म्हणून शाहिरांना धरा. मग खालच्या कोर्टात खटला चालतो. चालतो म्हणजे काय, तारखा पडतात.

आता तुमच्या प्रतिक्रिया. पहिल्या वीस मिनिटांत मागून आवाज आला, “ह्यात तर काहीच घडंना बाई!” दुसरी म्हणाली, “वकीलबाई बोलायलीय का नुसतं वाचायलीय?” खरंच, त्या सिनेमात सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं एका सुरात वाचत जातात. कुणी टेबलावर हात आपटत नाही. ऐनवेळी दार उघडून साक्षीदार धावत येत नाही. साक्षीदार येतच नाही, म्हणून पुढची तारीख. रोज रात्री मालिका बघणाऱ्या आपल्याला हे जड जाणारच.

पण मी एक गोष्ट बघत होते. उठून गेल्या त्यातल्या बहुतेकींनी कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही. ज्या तिघी-चौघींची पोटगीची किंवा जमिनीची केस चालू आहे, त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यातली एक तर एका ठिकाणी मोठ्यानं हसली. सिनेमात एक बाई बिनबाह्यांचा ड्रेस घालून येते, तर न्यायाधीश तिची केसच ऐकत नाहीत, पुढची तारीख देतात. ताई म्हणाल्या, “माझ्या बारीला तर कारण बी कळलं न्हाई. सकाळी दहाला जाऊन बसले, चारला कळलं की आज व्हायचं न्हाई.” बाकीच्या गप्पच झाल्या.

दुसरा वाद वकीलबाईंवरून झाला. कोर्टातून सुटल्यावर त्या लोकलनं घरी जातात, पोराला घेतात, स्वयंपाक करतात. आपल्यातल्या काही म्हणाल्या, “आपल्यासारखीच हाय की, तिचं काम करतीय बिचारी.” दुसऱ्या चिडल्या, “तिचं काम होतंय, पण म्हाताऱ्याचा जीव जातोय.” मला वाटतं दोघींचंही बरोबर आहे. त्या सिनेमात वाईट माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही. प्रत्येक जण आपापलं काम करतो, घरी जातो, जेवतो. आणि ज्याची केस आहे त्याचे दिवस जातात.

सगळ्यात जास्त बोलणं झालं त्या मेलेल्या कामगाराच्या बायकोवर. ती कोर्टात येऊन सांगते की नवरा गटारात उतरायच्या आधी झुरळ बाहेर येतंय का बघायचा. आलं तर आत हवा आहे. अंगावर संरक्षणाचं काही नसायचं. वास सोसावा म्हणून दारू प्यायचा. नंतर बचावाचे वकील तिला पैसे देऊ करतात, तर ती पैसे घेत नाही, काही काम असेल तर बघा म्हणते. तुमच्यातल्या एकीनं विचारलं, “तिला भरपाई कुणीच कशी दिली न्हाई?” चांगला प्रश्न आहे. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गटारात मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना १० लाख रुपये द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला ते ३० लाख केले. पण हक्क आहे हे त्या बाईला सांगणारं कुणीतरी लागतं. सिनेमात तसं कुणी नाही. तिच्या पाठीशी बचत गट नाही.

शेवट आठवतो ना? शाहिरांना जामीन मिळतो, पुन्हा अटक होते, आणि कोर्टाला महिन्याची सुट्टी लागते. दिवे बंद होतात. तुम्ही म्हणालात, “संपला? निकाल कुठंय?” निकाल नाहीच.

आता मुद्द्यावर येते. मालिकेतल्या कोर्टानं आपलं एक नुकसान केलंय. तिथं एका भागात आरोप, दुसऱ्या भागात पुरावा, तिसऱ्या भागात न्याय. ते बघून आपल्याला वाटतं, न्याय असाच असतो. मग स्वतःची केस तिसऱ्या तारखेलाही पुढं सरकली नाही की बाई म्हणते, “माझी केस गेली.” आणि जायचं बंद करते. केस गेलेली नसते. बाई जायची थांबली की मग ती जाते. अर्जदारच हजर नसेल तर अर्ज निकाली निघू शकतो.

आपल्या एका गटातल्या ताईंचं असंच झालंय. त्यांच्या परवानगीनं सांगते, नाव सांगत नाही. सात तारखा केल्या. प्रत्येक तारखेला मजुरीचा खाडा, एसटीचं भाडं, पोराची शाळा बुडली. आठव्या तारखेला घरचे म्हणाले, काय मिळालं आजवर? त्या गेल्या नाहीत. पुढची तारीख पंधरा दिवसांवर आहे.

त्यांना आणि तुम्हाला चार गोष्टी सांगते. वहीत लिहून घ्या.

एक. पोटगीच्या केसला उशीर झाला तरी तो काळ फुकट जात नाही. ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे निकाल दोन वर्षांनी लागला तरी मागच्या दोन वर्षांचा हिशोब धरला जातो. म्हणून अर्ज करायला उशीर करू नका, आणि केलेला अर्ज सोडू नका.

दोन. निकाल लागेपर्यंत उपाशी राहायचं असं कायदा म्हणत नाही. अंतरिम पोटगी मागता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लिहिलंय की अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वेळ लागतो, हे आपण बघतोच. पण ही मुदत कायद्यात आहे हे माहीत असलं तर आपण वकिलाला विचारू शकतो, “अंतरिम अर्ज टाकला का? त्यावर सुनावणी कधी?”

तीन. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. १५१०० हा फोन नंबर फुकट लागतो.

चार. आपली तारीख आपल्याला माहीत पाहिजे. प्रत्येक केसला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. तो वकिलाकडून लिहून घ्या. ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते. गटातल्या कुणाच्या तरी पोरीला हे पाच मिनिटांत जमतं. आणि लोकअदालतीत तडजोड करायची तर समजून सही करा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. पटलं नाही तर नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे.

एवढं सांगून झालं, पण एवढ्यानं भागत नाही. माहिती असूनही एकटी बाई थकते. कोर्टाच्या बाकड्यावर दिवसभर एकटं बसणं काय असतं ते त्या सिनेमात आपण बघितलं. उठून गेलेल्या तायांना मी नावं ठेवत नाही, पण विचारते, दोन तास नुसतं बघून आपल्याला कंटाळा आला, तर दोन वर्षं ते भोगणाऱ्या बाईचं काय होत असेल?

म्हणून माझी एकच मागणी आहे. कर्जाचा हप्ता थकला की आपण तिच्या घरी जातो. तारीख आली की का जात नाही? येत्या मासिक बैठकीत प्रत्येक ग्रामसंघानं विषय घ्यावा: आपल्या गावात कुणाच्या केस चालू आहेत, पुढची तारीख कधी आहे, आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार. दोघी पाळीपाळीनं गेल्या तरी बास. भाड्याचे पैसे कसे काढायचे ते बैठकीतच ठरवा आणि ठराव लिहा.

सुरुवात त्या ताईंपासून करू. पंधरा दिवसांनी त्यांच्यासोबत धाराशिवला यायला कोण तयार आहे? आत्ताच हात वर करा, मी नावं लिहून घेते.