चक किती इंची घ्यावा?

लेथवर लाटणं करायला चक, म्हणजे लाकूड एका बाजूनं पकडणारा भाग, लागत नाही. एका बाजूला हेडस्टॉकचा दातेरी सेंटर, दुसऱ्या बाजूला टेलस्टॉकचं टोक, मधे लाकूड, की काम सुरू. पाळण्याचे दांडे, टेबलाचे पाय यांचंही तेच. चकाची गरज पडते ती लाकूड आतून कोरायचं असतं तेव्हा. वाडगा, कुंकवाचा करंडा, झाकणाची डबी अशा कामात एक बाजू हत्यारासाठी मोकळी हवी, म्हणजे लाकूड दुसऱ्या बाजूनंच पक्कं धरलं पाहिजे. चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर लाकूड पोकळ चकात ठोकून बसवतात. घरच्या लेथवर सहसा चार जॉचा, म्हणजे चार जबड्यांचा, स्क्रोल चक येतो. चावी फिरवली की चारही जॉ एकदम सरकतात आणि लाकूड आपोआप मध्यावर येतं.

श्रोतेहो, दुकानात विचारणा होते ती इंचांत: तीन, चार की पाच? आणि बहुतेक नवशिके मोठाच उचलतात, कारण मोठ्यात लहान काम होईलच असा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे. ते इंच चकाच्या अंगाचे, म्हणजे बॉडीच्या व्यासाचे असतात. लेथला किती वजन पेलवेल, याचा अंदाज त्यावरून येतो. लाकूड किती घट्ट धरलं जाईल, हे जॉ ठरवतात.

पण त्याआधी आटे. लेथच्या स्पिंडलवरचे, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्यावरचे, आटे चकाच्या आट्यांशी जुळले नाहीत, तर बाकी चर्चा फुकट. लहान-मध्यम लेथवर 1 इंच व्यास आणि इंचाला 8 आटे हे माप खूप आढळतं. मोठ्या अमेरिकी लेथवर सव्वा इंच आणि तेच 8 आटे, तर युरोपीय धाटणीच्या मोठ्या लेथवर 33 मिलिमीटर व्यास आणि 3.5 मिलिमीटर पिच. सव्वा इंच म्हणजे 31.75 मिलिमीटर. नुसत्या नजरेला हे आणि 33 सारखंच वाटतं, तेव्हा व्हर्नियर लावल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. खात्री करायचा स्वस्त उपाय म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून त्या मापाचा नट आणावा. तो हातानं, न अडकता आणि न डगमगता शेवटपर्यंत गेला, की माप बरोबर. आटे वेगळे असले तरी वाट बंद होत नाही, कारण अनेक चकांना बदलता येणारा इन्सर्ट असतो. तो मात्र स्पिंडलच्या खांद्याला पूर्ण टेकला पाहिजे, नाहीतर चक डोलतो.

मग वजन. स्पिंडलच्या मध्यापासून बेडपर्यंतचं अंतर दुप्पट केलं की लेथचा स्विंग मिळतो. 10 इंची स्विंगच्या छोट्या लेथला तीन ते साडेतीन इंची चक शोभतो, 12 ते 14 इंचीला साडेतीन ते चार, आणि 16 इंचांच्या पुढे साडेचार-पाच. छोट्या लेथवर पाच इंची लोखंड टांगलं, तर ते बेअरिंगपासून लांब लोंबतं, सुरू होताना मोटर कण्हते आणि लाकडासाठी उरलेली लांबीही कमी होते. त्यात जॉ बरेच उघडले की त्यांचे पाय बॉडीबाहेर येतात. फिरताना ते दिसत नाहीत, बोटांना मात्र बरोबर सापडतात.

आता जॉ. वाडग्याच्या तळाला एक गोल खुंट सोडतात, त्याला कारागीर टेनन म्हणतात, आणि जॉ पकडतात तो हाच. समजा वाडगा 250 मिलिमीटरचा आहे आणि टेनन 50 मिलिमीटरचा. काठावर हत्यार अचानक रुतलं, तर तो झटका टेननच्या कडेला पाचपट होऊन पोचतो, कारण 125 मिलिमीटरच्या त्रिज्येवरचा जोर 25 मिलिमीटरवर पेलायचा असतो. टेनन 90 मिलिमीटरचा ठेवला, की तोच झटका पावणेतीनपटीवर येतो. म्हणूनच टेनन वाडग्याच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश असावा, असा कारागिरांचा आडाखा आहे. मिनिटाला 800 फेऱ्यांच्या वेगात या वाडग्याचा काठ ताशी सुमारे 38 किलोमीटरनं पळत असतो. टेनन तुटला तर वाडगा तसाच फिरत सुटतो.

जॉ जवळजवळ मिटलेले असताना त्यांची आतली बाजू पूर्ण वर्तुळ होते, आणि टेनन त्या मापाचा असेल तर पकड सगळीकडे सारखी बसते. त्याच 50 मिलिमीटरच्या जॉमध्ये 65 मिलिमीटरचा टेनन घातला, तर प्रत्येक जॉची फक्त दोन टोकं लाकडाला लागतात. अशी आठ टोकं लाकडात रुततात, पण पकड कच्चीच राहते. चक बदलून यात काही फरक पडत नाही. तिथे मोठ्या मापाचे जॉच हवेत. टेननची उंची 8 ते 10 मिलिमीटर पुरते. त्याचं टोक चकाच्या तळाला टेकता कामा नये. वाडग्याचा खांदा जॉच्या तोंडावर बसायला हवा.

जुन्या बाजारात लोखंडकामाचे तीन जॉचे चक स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. त्यांचे कडक, धारदार जॉ मऊ लाकूड तीनच जागी चेपतात, आणि चौकोनी ठोकळा त्यात मध्यावर बसतच नाही. चार जॉमध्ये गोल आणि चौकोनी दोन्ही बसतात. तीन जॉचा चक घेऊन पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

12 इंची लेथ घेतलेल्याला चार इंचांपर्यंतचा, चावीचा चक आणि 50 मिलिमीटरचे जॉ एवढ्यावर डब्या, करंडे आणि लहान वाडगे करता येतात. मोठे वाडगे करायची वेळ आली, की त्याच बॉडीला 75 किंवा 100 मिलिमीटरचे जॉ घ्यावेत. ते त्याच कंपनीचे आणि त्याच मॉडेलला बसणारे हवेत, कारण स्क्रूची भोकं कंपनीगणिक वेगळी असतात.