या वयात कशाला?



संमेलनाच्या तयारीत आपल्या ग्रुपवर प्रत्येकाने आपला छंद लिहायचा होता. कुणी बागकाम लिहिलं, कुणी ट्रेकिंग, दोघांनी तर 'झोप' लिहिलं. मी लिहिलं, अल्टरनेटिव्ह रॉक ऐकणं. लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, "आता गुडघ्याचा पट्टा घे, रॉक कसलं!" एकीने विचारलं, "मुलीचा फोन हातात आला का गं?" मीही हसले. फक्त मराठीच्या बाईंनी रात्री उशिरा विचारलं, "म्हणजे नेमकं काय गं ते?" मला दिलेली दहा मिनिटं मी बाईंच्या त्या प्रश्नाला देते.

बाई, १९८० च्या दशकात अमेरिकेत कॉलेजांची स्वतःची छोटी रेडिओ केंद्रं असायची. मोठ्या कंपन्या ज्यांना विचारत नव्हत्या, असे बँड तिथे वाजायचे. आर.ई.एम. हा त्यांतला एक. रुळलेल्या वाटेवरचं नाही म्हणून ते अल्टरनेटिव्ह. मग १९९१ च्या सप्टेंबरात निर्वाना या बँडचा 'नेव्हरमाइंड' आला आणि ही आडवाट एकदम हमरस्ता झाली. त्यातल्या बऱ्याच गाण्यांत कडवं दबक्या आवाजात असतं आणि ध्रुवपद आलं की गिटार, ड्रम सगळं अंगावर येतं. आपल्याकडे अभंग संथ सुरू होतो आणि शेवटी गजर टिपेला जातो, टाळ-मृदंगापुढे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या आवाजाला कुणी 'पोरकट' म्हणत नाही. फरक एवढाच, की भजन चढत चढत जातं आणि इथे बटण दाबल्यासारखं होतं.

मी ते पहिल्यांदा इंजिनीअरिंगला असताना ऐकलं. रूममेटकडे रेडिओहेडची 'ओके कॉम्प्युटर' ही कॅसेट होती. नाव वाचून मला वाटलं अभ्यासाची असेल. शब्द निम्मे कळले नाहीत, पण परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात जो गोळा येतो त्याला कुणीतरी आवाज दिलाय, एवढं कळलं. पुढे नोकरी, लग्न, मुलगी. पंधरा-सोळा वर्षं मी स्वतःसाठी म्हणून काही ऐकलंच नाही. २०२० साली लॉकडाऊनमध्ये वाशिंदला आईकडे राहून काम करत होते, तेव्हा रात्री कोड तपासताना पुन्हा हेडफोन लावले.

तुम्ही म्हणाल, ही जुनी आठवण आहे, गाणं नव्हे. त्यात तथ्य आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाकडे जास्त पक्क्या राहतात, गाणीही त्यात आली, हे मानसशास्त्रात बरंच अभ्यासलं गेलंय. पण मी आज सगळ्यात जास्त ऐकते तो डब्लिनचा फाँटेन्स डी.सी. हा बँड. त्यांचा पहिला अल्बमच २०१९ चा, आणि मला तो सापडला चाळिशीत. त्याला माझ्या कुठल्याच कॅसेटची आठवण चिकटलेली नाही. आणि आपल्या वर्गातले काही जण दर महिन्याला कराओकेवर किशोरकुमार गातात, त्यांच्या वयावर कुणी बोललं का? १९८६ साली धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं. तेव्हा तिथे उड्या मारणारी कॉलेजची पोरं आता साठीच्या आसपास आहेत. म्हणजे म्हातारं व्हायला चालतं, फक्त ठरलेल्या गाण्यांवर व्हायचं. बाईमाणसाने तर जरा लवकरच.

मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा होतं, ग्रीन डे येणार होते. मी एकटी गेले. रांगेत पुढच्या मुलाने अगदी आदराने सांगितलं, "आंटी, मुलांना सोडायचं असेल तर गाड्या पलीकडे थांबतात." मी तिकिटाचा पट्टा दाखवला, तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. नंतर त्यानेच मला पाण्याची जागा दाखवली. स्टेजवर आलेले ते तिघेही पन्नाशी ओलांडलेले. गाणारा बिली जो आर्मस्ट्राँग त्रेपन्न वर्षांचा. स्वतःच्या घाबरेपणावरचं 'बास्केट केस' हे गाणं त्याने विशी-बाविशीत केलं होतं आणि इतक्या वर्षांनी तो ते तितक्याच जोरात गात होता. खोटं सांगत नाही, शेवटी शेवटी माझ्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या आणि कानात फोमचे बोळे होते. वय नाही असं माझं म्हणणंच नाही. रात्री दादरला गाडी बदलून कसारा लोकल धरली. कल्याणनंतर डबा रिकामा झाला, कान मात्र अजून वाजत होते.

येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांचं २००२ सालचं एक संशोधन आहे. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या पन्नाशीपुढच्या ६६० लोकांची माहिती त्यांनी तपासली. स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने पाहणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. एकामुळेच दुसरं झालं असं मी इंजिनीअर असून ठामपणे म्हणणार नाही, तब्येतीपासून पैशापर्यंत बरंच काही त्यात मिसळलेलं असतं. तरी मी ते वाचलं, मैत्रिणींना पाठवलं, आणि मनात ग्रुपवाल्यांवर खटला भरला. आरोपी दुसरंच कुणी निघालं.

त्या रात्री वाशिंदला पोचले तेव्हा आई जागी होती. चहा टाकता टाकता तिने विचारलं, "गाणारा केवढा होता?" म्हटलं, त्रेपन्न. ती म्हणाली, "मी पेटीचं विचारलं तेव्हा एकसष्टची होते."

बाबा गेल्यावर, २०१७ मध्ये, तिने मला फोनवर सांगितलं होतं की पेटी शिकावीशी वाटते, गावातच शिकवणारं कुणी आहे. मी मीटिंगमध्ये होते. म्हणाले, "आई, या वयात कशाला? बोटं दुखतात ना तुझी?" ती "बरं" म्हणाली. पुन्हा तो विषय निघाला नाही. मी विसरूनही गेले होते. ग्रुपवर तुम्ही निदान हसून तरी बोललात. मी काळजीच्या आवाजात बोलले होते, म्हणून तिला उलट काही बोलताही आलं नाही.

एप्रिलमध्ये पेटी आणली. शिकवायला एक मुलगी येते, आठवड्यातून दोनदा. आईची अनामिका पूर्ण वळत नाही, म्हणून ती ते बोट टाळून वाजवते आणि शिकवणारीला ते मान्य नाही. यावरून दोघींची रोज जुंपते. तिसऱ्या अलंकारावर गाडी दोन महिने अडली आहे. भाता ओढून खांदा दुखला की आई मला सांगत नाही. सांगितलं तर मी काय म्हणेन याची तिला अजून खात्री नसावी.

तर बाई, अल्टरनेटिव्ह रॉक म्हणजे काय ते बोलून पूर्ण कळणार नाही. पुढच्या रविवारी मी वाशिंदलाच आहे. दुपारी चारपर्यंत आईची पेटी चालते, त्यानंतर या. हेडफोन दोन आहेत.