ओझं कुणाचं?



अर्थशास्त्री म्हणतात, देश म्हातारा होतोय, कमावत्यांवर ओझं वाढतंय. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे १० कोटींवर होते. पण ओझं काय असतं ते हमालाला विचारा!

न्हावा-शेवा बंदर १९८९ ला सुरू झालं. तेव्हा गोदामात कंटेनर भरणारे आज साठीतही नाक्यावर कामाला उभे. का? हजेरीपटावर नावच नव्हतं. मग फंड नाही, पेन्शन नाही. दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्याला साठ ते एकोणऐंशी वयात केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. मग कोण कुणाला पोसतंय?

माथाडी कायदा १९६९ चा. बाबांनो, मंडळात नोंद मागा, भांडून मागा. उद्याचे म्हातारे आपणच हाय!