बेडकाच्या अंतरंगांत



जुन्नर म्हटलें कीं हल्लीं शहरांतील माणसाला शिवनेरी आठवतो, आणि त्याच्या पाठोपाठ बिबट्या. परंतु मृगाच्या सरींनीं जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिमेकडील भातखाचरांत पाणी सांचलें, म्हणजे रात्रभर जो कोलाहल चालतो त्याचा धनी निराळाच असतो. तो म्हणजे शेतांतील मोठा बेडूक. विणीच्या दिवसांत याचा नर लिंबासारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून मादीला साद घालतो.

'राना टायग्रिना' या जुन्या नांवानें हाच प्राणी कॉलेजांतील टेबलावर अनेक पिढ्यांनीं उताणा पाहिला. २०१४ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील विच्छेदन बंद करण्याचे आदेश दिले, हें योग्यच झालें. मात्र पोट फाडून पाहणाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या ध्यानांत राहिलें तें एवढेंच, कीं बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात.

बेडकाला बरगड्या नाहींत आणि श्वासपटलही नाहीं. मनुष्य छाती फुगवून हवा आंत ओढतो. बेडूक ती गिळतो. तोंडाचा तळ खालीं नेऊन तो नाकपुड्यांवाटे हवा घेतो, नाकपुड्या मिटतो आणि तळ वर उचलून हवा फुप्फुसांत लोटतो. घांस गिळतांना तर तो डोळेही आंत ओढून भक्ष्य मागें ढकलतो!

पण त्याच्या श्वासाचें दुसरें साधन म्हणजे त्याची ओली कातडी. हृदयापासून निघणाऱ्या एका रोहिणीची एक शाखा फुप्फुसाकडे जाते, तर दुसरी थेट त्वचेकडे. फुप्फुसांतून शुद्ध झालेलें रक्त डाव्या अलिंदांत येतें. त्वचेंतून शुद्ध झालेलें मात्र शरीरांतील अशुद्ध रक्ताबरोबर उजव्या अलिंदांत येतें. खालचें निलय एकच, त्यास पडदा नाहीं. यावरून हें हृदय अपुरें, असें पुस्तकांत वाचावयास मिळतें. हा निवाडा उतावळा आहे. बेडूक पाण्यांत बुडून बसला म्हणजे फुप्फुसें स्वस्थ असतात आणि प्राणवायू येतो तो त्वचेवाटे, म्हणजे उजव्या बाजूनें. मधें भिंत असती तर तें शुद्ध रक्त पुन्हां फुप्फुसांकडे व त्वचेकडेच गेलें असतें; मेंदूच्या वाट्यास थेट आलें नसतें.

पाण्याचीही तीच कथा. बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं. ओल्या जमिनीवर बसून पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेनें शोषून घेतो. मूत्राशयांतील पाणी कोरड्या दिवसांत परत रक्तांत घेतां येतें. वृक्कांजवळ पिवळ्या बोटांसारखे चरबीचे झुबके असतात. उन्हाळ्यांत जमिनींत निजून असतांना हीच त्याची शिदोरी.

बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारतानें १९८७ सालीं बंद केली, तेव्हां पकडणाऱ्याचा हात थांबला. तालुक्यांच्या पूर्व भागांत, जेथें टोमॅटो व कांदा पिकतो, तेथें प्रश्न निराळा आहे. फवारणीचा पंप ओढ्यांत धुतला, तर तें औषध बेडकाच्या पोटांत जाण्याची गरजच पडत नाहीं. ज्या कातडीनें तो श्वास घेतो आणि पाणी पितो, तीच त्याला आंत घेते. तेथून शिरेंत, उजव्या अलिंदांत, आणि मग त्या बिनपडद्याच्या निलयांतून सर्व शरीरभर.