अडकलेल्या अपघातग्रस्ताचा पहिला उपचार
(पाथर्डी तालुक्यातील पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासाठी केलेले भाषण)



दसरा उलटला की पाथर्डी तालुक्यातील ऊसतोडणी कामगारांची बिऱ्हाडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पुढचे कित्येक महिने त्यांचे जीवन ट्रॅक्टर, ट्रॉली आणि रस्ता यांच्याशी बांधलेले असते. अशा वाटेवर ट्रॉली उलटली, की माणूस मोळ्यांखाली वा लोखंडी सांगाड्याखाली अडकतो. त्याला ओढून काढण्यास अनेक हात धावतात. ही धाव माणुसकीची खरी. परंतु तिला ज्ञानाची जोड नसेल, तर वाचू शकणारा जीवही दगावतो.

अडकलेल्या माणसाचा उपचार तो पडला आहे तेथेच सुरू झाला पाहिजे. प्रथम मागून येणारी वाहने थांबवावीत, इंजिन बंद करावे आणि १०८ क्रमांकावर कळवावे. तोंडावरील व छातीवरील ऊस तत्काळ दूर करावा, कारण श्वास कोंडणे हा सर्वांत निकटचा धोका होय. वाहते रक्त स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. मान हलू देऊ नये. पाणी पाजू नये. आग लागण्याचे भय असेल, तरच त्याला घाईने बाहेर ओढावे.

पाय दीर्घकाळ दबलेला असल्यास विशेष सावधगिरी हवी. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील बॉम्बवर्षावात ढिगाऱ्याखालून सुखरूप काढलेली काही माणसे नंतर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. डॉ. बायवॉटर्स व डॉ. बील यांनी १९४१ मध्ये ही अवस्था नोंदविली. दबलेल्या स्नायूंतील घातक द्रव्ये, दाब सुटताच, रक्तात पसरतात. म्हणून ओझे लगेच उचलता येत असेल तर उचलावे. तासाहून अधिक काळ लोटला असेल, तर शक्यतो डॉक्टरांनी शिरेतून सलाइन सुरू केल्यावरच ते हलवावे. याकरिता अपघाताची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगणे, हीदेखील मोठी मदत ठरते.

राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. मात्र करंजी घाटासारख्या ठिकाणी ती पोहोचेपर्यंतचा काळ गावकऱ्यांच्याच हाती असतो. पोलिसांच्या चौकशीचे भय बाळगण्याचे कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४ अ सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी दायित्वापासून संरक्षण देते.

ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक टोळीत हे जाणणारे दोघे जण असावेत. पंचायतीने व शाळेने दसऱ्यापूर्वी एक सायंकाळ या शिक्षणासाठी दिली, तरी ते साधेल.