‘रोज चाला’ असे सांगून झाल्यावर



मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णाला औषधाची चिठ्ठी देताना तिच्या तळाशी बहुधा एक ओळ असते : ‘रोज अर्धा तास चालणे.’ ती लिहिणाऱ्या डॉक्टरचा हेतू निर्मळ असतो आणि तिच्यामागचे शास्त्रही पक्के आहे. तरीही दवाखान्यातल्या साऱ्या उपचारांत अमलात येण्याच्या बाबतीत सर्वांत दुर्दैवी ठरते ती हीच ओळ. गोळी निदान विकत तरी घेतली जाते. रुग्ण चालला की नाही, हे पुढल्या खेपेस कोणी विचारत नाही. आणि विचारलेच तर ‘आळस करू नका’ एवढ्यावर विषय संपतो. हा आळस खरोखर रुग्णाचा असतो काय, हाच या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

शरीराची हालचाल आणि हृदयविकार यांचे नाते आधुनिक वैद्यकाला प्रथम उलगडले, ते व्यायामशाळेत नव्हे; कामगारांच्या पाळीत उलगडले. डॉ. जेरी मॉरिस हे पोलंडहून ब्रिटनमध्ये आलेल्या ज्यू निर्वासित कुटुंबातले, ग्लासगोत वाढलेले आणि विचाराने समाजवादी. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून ते भारतातही होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१,००० पुरुष कामगारांचा अभ्यास केला आणि १९५३ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. एकाच दुमजली बसवर दोन माणसे काम करीत. पगार, वस्ती आणि आहार यांत फारसा फरक नव्हता. पण चालक पाळीचा नव्वद टक्के वेळ बसून असे, तर वाहक दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी होते आणि तो झालाच तर उशिरा व कमी घातक स्वरूपात होई. टपाल खात्यातही चिठ्ठ्या वाटत हिंडणारा पोस्टमन आणि मेजाशी बसणारा कारकून यांच्यात असाच फरक आढळला. त्या वेळी पुष्कळांनी शंका घेतली की मुळातच स्थूल असलेले लोक चालकाची नोकरी पत्करीत असतील. मॉरिस यांनी मग १९५६ साली चालक-वाहकांच्या गणवेशांची मापे काढून पाहिली. चालकांच्या विजारी कमरेला खरोखरच मोठ्या निघाल्या. परंतु कमरेचा घेर सारखा असलेल्यांची तुलना केली तरी धोका चालकांनाच अधिक, असे पुढील विश्लेषणात दिसले.

या संशोधनाचा अर्थ मात्र पुढे सोयीने लावला गेला. ज्याने बसून राहण्याची नोकरी निर्माण केली तो बाजूला राहिला आणि बसणाऱ्याला चालण्याचा उपदेश सुरू झाला. शरीरश्रम हा कामाच्या रचनेचा भाग होता, तो व्यक्तीच्या सद्गुणाचा भाग ठरला.

दुसरा गैरसमज याच्या नेमका उलट आहे. ‘कष्टकऱ्याला कसला व्यायाम? तो तर दिवसभर राबतोच’, असे अनेक डॉक्टर सहानुभूतीने म्हणतात. परंतु युरोपातील संशोधकांनी अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१८ साली मांडलेला निष्कर्ष असा की, कामावर अतिश्रम करावे लागणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका, हलके काम असणाऱ्यांच्या मानाने, १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हे वाहकांच्या निष्कर्षाविरुद्ध आहे असे वरवर वाटेल. पण वाहक थोडा चढे, थोडा थांबे, पुन्हा चढे. हमाल किंवा वीटभट्टीवरचा मजूर तासन्‌तास ओझे उचलतो; त्याच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब दिवसभर चढे राहतात आणि विसाव्याचा काळ त्याच्या हाती नसतो. अशा माणसाला ‘आणखी चाला’ म्हणणे हा वैद्यकीय सल्ला नव्हेच. त्याला विश्रांती लिहून द्यावी लागेल, आणि तशी चिठ्ठी मुकादमापुढे चालेल काय, हा पुढचा प्रश्न आहे.

आता तिसरे उदाहरण सोलापूरचे घ्यावे. तेथे हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली तेंदूची पाने. मान खाली आणि बोटे सतत चालू. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि खराब ठरवलेल्या विड्या त्यातून वजा होतात. या स्त्रीचे कष्ट अफाट आहेत, पण शरीरशास्त्राच्या भाषेत ती मॉरिस यांच्या बसचालकासारखीच आहे : बोटे वगळता सारे शरीर जागच्या जागी. तिला मधुमेह जडला आणि ती दवाखान्यात गेली की संवाद ठरलेला असतो.

“मावशी, रोज अर्धा तास चालायचं बरं का.”

“चालते की, साहेब.”

दोघांनाही ठाऊक असते की हे घडणार नाही. साधा हिशेब करून पाहावा. दहा तासांत हजार विड्या वळणारी स्त्री धरली, तर अर्ध्या तासात पन्नास विड्या होतात. आठवड्याला साडेतीनशे. म्हणजे डॉक्टरांनी फुकट म्हणून दिलेला हा उपचार तिला आठवड्याकाठी एका दिवसाच्या मजुरीच्या एक-तृतीयांशाहून अधिक किमतीला पडतो. हा हिशेब चिठ्ठीवर कुठेच नसतो. तिच्या मनात मात्र असतो. तिच्या ‘चालते की’ या उत्तराला आळस म्हणावे, की सुसंस्कृत नकार?

मग डॉक्टरांनी, परिचारिकांनी, आशा कार्यकर्त्यांनी करायचे तरी काय? गप्प बसायचे काय? मुळीच नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. हा आजार घरकामाच्या आणि रस्त्यांच्या रचनेतून आलेला असला तरी तो भोगावा लागतो शरीरालाच, आणि शरीर दवाखान्यातच येते.

पहिली गोष्ट म्हणजे सांगण्याआधी विचारणे. ‘व्यायाम करता का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे अपेक्षित उत्तर प्रश्नातच दडलेले असते. ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं?’ असे विचारले की दिवस उलगडतो. पाणी कोठून आणले, किती वेळ बसून काढला, माल देण्यासाठी कारखान्यापर्यंत चालत गेल्या की रिक्षाने, रात्री घराबाहेर पडणे शक्य आहे काय, हे सारे कळते. सोलापुरात हे विचारणे अनेकदा तेलुगूतून व्हावे लागेल. आशा कार्यकर्तीच्या तपासणी फॉर्ममध्ये ‘आठवड्यातून किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल करता का?’ असा एक रकाना आहे, त्यावर गुणही आहेत. पण भारे वाहणारी मजूर स्त्री आणि विडी वळणारी स्त्री या दोघींना त्या रकान्यात एकाच मापाने मोजून भागणार नाही.

याबाबत चेन्नईचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवण्याजोगा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा तेथील अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. बैठे काम करणाऱ्यांना रोज किमान अर्धा तास झपझप चालण्यास सांगण्यात आले. पण जे आधीच शरीरश्रम करीत होते किंवा कामासाठी पुरेसे चालत वा सायकल चालवीत होते, त्यांना तेच चालू ठेवण्यास सांगितले गेले. प्रत्येकाच्या आहाराचाही विचार झाला. तीन वर्षांत केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह जडला. राहणीत बदल करवून घेतलेल्या गटात ३९.३ टक्के. गोळी घेणाऱ्या गटाचा आकडा ४०.५ होता. म्हणजे हे काम गोळीच्या तोडीचे ठरले. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. त्या लोकांना दर महिन्याला दूरध्वनी केला जात होता आणि दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष भेट होत होती. यश सल्ल्याइतकेच या पाठपुराव्याचेही होते.

न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून ‘हिरवी चिठ्ठी’ नावाची पद्धत आहे. डॉक्टर किंवा परिचारिका रुग्णाशी बोलून त्याला जमेल असे उद्दिष्ट औषधाप्रमाणेच कागदावर लिहून देतात आणि ती चिठ्ठी स्थानिक क्रीडा संस्थेकडे जाते. तेथील माणूस पुढे काही महिने फोन करून चौकशी करतो. आपल्याकडे यातले कागदाचे काम उद्यापासून होऊ शकते. विडी वळणाऱ्या स्त्रीसाठी चिठ्ठी अशी असेल : दर शंभर विड्या झाल्या की उठायचे, भिंतीचा आधार घेऊन दहा वेळा खाली-वर व्हायचे, अंगणात एक फेरी; माल द्यायला जाताना चालत जायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली एक अट सोडून दिली, ती अशा स्त्रियांच्या फार उपयोगाची आहे. पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल हिशेबात धरली जात नसे. आता दोन-तीन मिनिटांचे तुकडेही मोजले जातात.

त्याआधी तपासणी मात्र हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आहेत. रक्त न तपासता अशा स्त्रीला झपझप चालायला लावणे ही क्रूरता होय. मधुमेह्याच्या पायाची संवेदना न पाहता त्याला अनवाणी वा फाटक्या चपलेने चालायला सांगणे म्हणजे जखमेला आमंत्रण. चालताना छातीत दडपण येते काय, हे तर विचारलेच पाहिजे.

पण वेळ कोठून आणायचा? एका आंतरराष्ट्रीय पाहणीत भारतातील डॉक्टर-रुग्ण भेटीचा सरासरी वेळ सुमारे दोन मिनिटे निघाला. स्वीडनमध्ये तो साडेबावीस मिनिटे होता. दोन मिनिटांत कालचा दिवस उलगडत नाही. म्हणून हे काम परिचारिका, भौतिकोपचार तज्ज्ञ, औषध देणारा कर्मचारी आणि आशा कार्यकर्ती यांच्यात वाटून घ्यावे लागेल. येथे एक सावधगिरीची सूचना. महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी २०२३ मध्ये संप करावा लागला होता. पाठपुराव्याचे हे नवे काम त्यांच्या डोक्यावर फुकट टाकणे, म्हणजे विडी कामगार स्त्रीच्या आरोग्यासाठी दुसऱ्या कष्टकरी स्त्रीचे शोषण करणे होईल. प्रत्येक पाठपुराव्याचा मोबदला ठरला पाहिजे.

आणि चालायचे कोठे? मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीवर एक-तृतीयांश जागा मोकळ्या मैदानांसाठी मिळेल, अशी तरतूद १९९१ साली झाली होती. २००१ मध्ये नियम बदलून ती केवळ आधीच मोकळ्या असलेल्या भागापुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम केला. लालबाग-परळमधल्या म्हाताऱ्या गिरणी कामगाराला ‘मैदानात फेऱ्या मारा’ सांगणाऱ्या डॉक्टरांपैकी किती जणांनी त्या वेळी हरकत नोंदविली होती? महाराष्ट्रात विकास आराखडा करताना वा मैदानाचे आरक्षण उठविताना नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या मुदतीत प्रभागातील डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी आपल्या दवाखान्याच्या कागदावर लिहून द्यावे की, या वस्तीत मधुमेहाचे इतके रुग्ण आमच्या नोंदीत आहेत, त्यांना चालण्यास आम्ही लेखी सांगितले आहे, आणि चालण्याजोगी जागा हीच एक आहे. पदपथ फेरीवाल्यांनी अडविला अशी तक्रार मात्र त्यात मिसळू नये. पदपथावर उभ्या असलेल्या मोटारींविषयी अवश्य लिहावे.