बोले ठराव आणि महाडची नगरपालिका



महाडचा सत्याग्रह आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. परंतु ज्या ठरावाने त्या तळ्याची वाट प्रथम कागदावर मोकळी केली, तो मांडणाऱ्या विधिमंडळ सभासदाचे नाव आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच उच्चारले जाते. रावबहादूर सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातील, आपल्यापैकी नव्हेत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारसभेचे अध्यक्ष बोलेच होते. त्याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. आपल्या धम्माचा धागा मागे नेला तर तो त्या सभेपर्यंत पोहोचतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला की, सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव संमत झाला. सप्टेंबरात सरकारी हुकूमही निघाला. पण ठराव पडला शिफारशीचा! पाणवठ्यांच्या बाबतीत अंमल करावयाचा तो नगरपालिकांनी आणि लोकल बोर्डांनी. महाडच्या नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसे होती. ५ जानेवारी १९२४ रोजी तिने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला, आणि तो दप्तरातच राहिला.

बोले स्वस्थ बसले नाहीत. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका वा लोकल बोर्ड अंमल करणार नाही, तिचे अनुदान बंद करावे. माणुसकीची भाषा ज्यांना कळत नाही त्यांना पैशाची कळते, हे त्यांनी ओळखले होते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले. त्यानंतर त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. दिवस कोणता? ४ ऑगस्ट १९२७, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली तो! येथे ब्रिटनमध्ये कौन्सिलची निवडणूक म्हणजे कचऱ्याच्या डब्यांची निवडणूक समजून आपण घरी बसतो. महाडात पाण्याचा हक्क अशाच एका सभागृहात दिला गेला आणि तेथेच काढून घेतला गेला.

पुढची लढाई न्यायालयात गेली. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. बोले यांच्या पहिल्या ठरावाला तेव्हा तेरा वर्षे आणि सात महिने झाले होते.

जय भीम! जय बुद्ध!